रांग संपली की रिलोड

सकाळी ६.४०
दूध संकलन केंद्राच्या सचिवांचा फोन. "ताई, पावतीवर एसएनएफ अजून छापत नाही. दोनदा रिफ्रेश मारलं." मागे कॅनचा खणखणाट. दुरुस्ती मी काल रात्रीच चढवली होती. म्हटलं, "दादा, संकलन उरकलं की अ‍ॅपचे सगळे टॅब बंद करा आणि परत उघडा."

९.१५
ऑफिसात तीच अवस्था उभी केली. डेव्हटूल्समध्ये दोन ओळी: जुना सर्व्हिस वर्कर कामावर, नवा ताटकळत. रिलोड करताना नव्या पानाचं उत्तर येऊ लागेपर्यंत ब्राउझर जुनं पान सोडत नाही. त्यामुळे जुना वर्कर एक क्षणही मोकळा होत नाही आणि नव्याचा नंबर लागत नाही. केंद्रावरचा टॅब तर आठवडेच्या आठवडे उघडा असतो.

११.००
नवा सहकारी म्हणाला, "इन्स्टॉल होतानाच स्किपवेटिंग टाकू, पान आपोआप रिलोड होईल." त्याला गेल्या वर्षीची सकाळ सांगितली. आम्ही नेमकं हेच केलं होतं. ऐन गर्दीत, लिटरचा आकडा भरलेला, फॅट भरायचं बाकी, आणि पान रिलोड झालं. तोवर दूध काट्यावरून मोठ्या कॅनमध्ये ओतलं गेलं होतं. ते पुन्हा कसं मोजणार? सचिवांनी शेतकऱ्यालाच विचारून आकडा लिहिला. तो बरोबरच असेल, पण माणसाच्या कष्टाचा हिशेब आमच्यामुळे आठवणीवर गेला, हे मला अजून बोचतं.

१२.३०
कोड. नवा वर्कर थांबलेला दिसला की पानावर फक्त एक पट्टी: "नवी आवृत्ती तयार आहे." बटण दाबलं की पान पोस्टमेसेजने वर्करला निरोप देतं, वर्कर स्किपवेटिंग करतो, कंट्रोलरचेंज आला की रिलोड. रिलोडचं चक्र लागू नये म्हणून एक खुणेचा व्हेरिएबल. मात्र कंट्रोलरचेंज बाकीच्या उघड्या टॅबमध्येही येतो. तिथं अर्धवट नोंद असेल तर ती जतन होईपर्यंत रिलोड नाही. तोवर जुन्या पानाला जुन्या फाइली लागू शकतात, म्हणून मागची कॅश लगेच पुसायची नाही.

३.००
चाचणी. आधी डेव्हटूल्समधली 'अपडेट ऑन रिलोड'ची खूण काढली. ती असली की ही अडचण आपल्याला दिसतच नाही. वर्करच्या फाइलमध्ये एक अक्षर बदललं. ब्राउझर बाइट अन् बाइट ताडून बघतो, तेवढा फरक त्याला पुरतो. दोन टॅब, एकात अर्धी नोंद. नोंद शाबूत राहिली. सतत उघड्या टॅबसाठी ठरावीक वेळाने अपडेटची विचारणाही जोडली.

५.४५
संध्याकाळचं संकलन सुरू. या वेळात काहीही चढवायचं नाही.

रात्री ८.४५
चढवलं. सचिवांना फोन केला. उघड्या पानात पट्टीचा कोडच नाही, म्हणून आज शेवटचं टॅब बंद करायला सांगितलं.
"पट्टी कुठाय ताई?"
"पुढच्या बदलाला दिसेल, दादा. दिसली म्हणून लगेच दाबायची नाही. रांग संपू द्या, मग दाबा."