प्लांतँच्या घरातली प्रुफं

जुन्या कराराचा खंड उघडला की समोरासमोरची दोन पानं मिळून एकच मजकूर सांगतात. डाव्या पानावर हिब्रू आणि त्याच्या शेजारी चर्चमान्य लॅटिन. उजव्या पानावर ग्रीक आणि त्या ग्रीकचा लॅटिन तर्जुमा. डावीकडे तळाशी अरामी भाषांतर, उजवीकडे तळाशी त्याचं लॅटिन. हिब्रू आणि अरामी उजवीकडून डावीकडे धावतात, बाकीचे डावीकडून उजवीकडे. तरीही पान उलटताना सगळ्यांनी त्याच वचनापाशी पोहोचायचं. पाचव्या खंडात, म्हणजे नव्या करारात, सिरियाकही येऊन बसते.

हे ‘बिब्लिया रेजिया’, म्हणजे राजाचं बायबल. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाखाली ते 1568 ते 1572 या काळात अँटवर्प शहरात छापलं गेलं. खंड आठ आणि प्रती सुमारे 1,200. राजासाठी चर्मपत्रावर छापलेल्या मोजक्या प्रती वेगळ्या. त्याआधी स्पेनमधल्या अल्काला इथे कार्डिनल सिस्नेरोस यांनी असंच बहुभाषी बायबल सिद्ध करवलं होतं. त्याची छपाई 1517 मध्ये संपली होती, पण 1560 च्या दशकापर्यंत त्याच्या प्रती दुर्मीळ झाल्या. नव्या आवृत्तीची कल्पना तिथून निघाली.

कल्पना उचलली ती क्रिस्तोफ प्लांतँ या छापखानेवाल्यानं. मूळचा फ्रान्समधल्या तूरजवळचा हा माणूस अँटवर्पला आला तो पुस्तकं बांधायला. एका रात्री दारुड्यांनी भलताच कुणी समजून त्याच्यावर तलवार चालवली. हात पूर्वीसारखा चालेना, तेव्हा 1555 च्या सुमारास त्यानं बांधणी सोडून छपाई धरली. बायबलामागे श्रद्धा होतीच, भीतीही होती. त्याचे भागीदार कॅल्व्हिनपंथी होते आणि नेदरलँड्समध्ये धर्मद्रोह्यांची धरपकड सुरू होती. राजाच्या नावाचं कॅथलिक बायबल हातात असलं की संशय दूर राहील, हा हिशेबही त्यात होता असं अभ्यासक मानतात.

राजानं देखरेखीला धाडला तो बेनितो आरियास मोंतानो हा पंडित. तो 1568 मध्ये अँटवर्पला पोहोचला आणि प्लांतँच्या खिळ्यांच्या पेट्या भरू लागल्या. सिरियाकचे खिळे रोबेर ग्राँजाँ या कारागिरानं घडवले, हिब्रूसाठी गियोम ल बे याची कारागिरी कामी आली. खिळ्याची वाट लांब असते. आधी पोलादाच्या तुकड्याच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा आणि मग साच्यात शिशाचा मिश्रधातू ओतायचा. असे सुमारे 4,500 पोलादी ठसे आजही अँटवर्पच्या प्लांतँ-मोरेतुस संग्रहालयात जपलेले आहेत.

खिळे मिळाले तरी अवघड काम पुढेच होतं. हिब्रूच्या व्यंजनाखाली-वर स्वरांचे ठिपके आणि रेघा असतात. ठिपका जरा सरकला की शब्द बदलतो. जुळारी हे सगळं उलट्या अक्षरांत, एका हातात जुळणीची पट्टी धरून, खिळ्यामागून खिळा लावत जातो. जी लिपी त्याच्या घरात कुणी वाचत नाही तिच्यात चूक कुठे झाली हे त्याला उमगायचं कसं? म्हणून या पुस्तकाचा सगळा भार प्रुफांवर पडला. मुख्य मुद्रितशोधक फ्रान्स राफेलेंगियुस प्लांतँचा जावई होता. पुढे तो लायडन विद्यापीठात हिब्रूचा प्राध्यापक झाला.

त्याच घरात आणखी एक वाचक होती. प्लांतँला पाच मुली होत्या. 1570 मध्ये राजाच्या सचिवाला लिहिलेल्या पत्रात त्यानं त्या सगळ्यांची कामं सांगितली आहेत. चौथी मागदालेना तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची. राजाच्या बायबलाची प्रुफं मोंतानोच्या मुक्कामी पोहोचवणं हे तिचं काम. आणि तिथे बसून मूळ प्रतींतून हिब्रू, अरामी, सिरियाक, ग्रीक आणि लॅटिन मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणं हेही. ती वाचणार, मोंतानो प्रुफावर नजर ठेवणार. मुद्रितशोधनाची ही पद्धत मराठी छापखान्यांनाही परकी नाही: एकानं मूळ वाचायचं, दुसऱ्यानं प्रूफ पाहायचं. वाचणाऱ्याला अर्थ कळलाच पाहिजे असं नाही. पण अक्षर चुकता कामा नये, ओळ गळता कामा नये. पाच भाषांत, तेराव्या वर्षी, युरोपातल्या एका नामांकित पंडितासमोर. मुखपृष्ठावर राजाचं नाव आहे, मोंतानोचं कौतुक ग्रंथात ठायी ठायी आहे. मागदालेना कळते ती बापाच्या पत्रातून. बहुभाषी बायबलांचा इतिहास सांगताना तिला एवढीशी जागा मिळावी, हा अन्याय आहे.

छपाई संपून दशकही उलटलं नव्हतं, तेव्हा यातला एक संच आपल्याकडे होता. अकबराच्या बोलावण्यावरून जेझुइट पाद्री नोव्हेंबर 1579 मध्ये गोव्याहून निघाले आणि मार्च 1580 मध्ये त्यांनी फत्तेपूर सिक्रीला त्याला हे बायबल नजर केलं. बादशहानं एकेक खंड चुंबून मस्तकी लावला. पुढे त्यातल्या मुखचित्रांवरून त्याच्या चित्रकारांनी चित्रं रेखाटली. ही मंडळी निघण्याच्या काहीच दिवस आधी, ऑक्टोबरात, फादर थॉमस स्टीफन्स गोव्याला उतरले होते. मराठीतलं ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे ते हेच. त्यांचा ग्रंथ 1616 मध्ये छापला गेला तो रोमन लिपीत, कारण आपल्या लिपीचे खिळे गोव्यात नव्हते. अँटवर्पला सिरियाकसाठी ग्राँजाँ मिळाला. मराठीला तसा कारागीर त्या काळी मिळाला नाही.

प्लांतँच्या पाठीमागे मात्र हिशेब लागला होता. राजानं दिलेला पैसा देणगी नव्हता. ती उचल होती आणि तिची फेड प्रतींच्या रूपानं करायची होती. कागद, नवे खिळे, पंडितांचा खर्च यांनी ती कधीच गिळली. त्यात रोमचा अडसर. पाचव्या पायस पोपनं मान्यता दिली नाही; 1572 मध्ये तेराव्या ग्रेगरीनं ती दिली. तोवर विक्री लटकलेली.

मग सालामांकाच्या लेओन दे कास्त्रो या प्राध्यापकानं आरोप ठेवला की मोंतानोनं चर्चच्या लॅटिनपेक्षा हिब्रूला आणि ज्यू पंडितांना जास्त मान दिला. त्या काळी हा आरोप माणसाला तुरुंगात घालू शकत असे. कवी-पंडित लुईस दे लेओन तशाच आरोपांखाली 1572 पासून जवळपास पाच वर्षं कोठडीत होता. मोंतानोला बाजू मांडायला रोम गाठावं लागलं. इन्क्विझिशननं, म्हणजे धर्मद्रोह शोधणाऱ्या चर्चच्या न्यायासनानं, तपासणी हुआन दे मारियाना या जेझुइटाकडे सोपवली. त्यानं दोष दाखवले, पण ग्रंथावर बंदी घालावी असं म्हटलं नाही.

तो निकाल येण्याआधीच नोव्हेंबर 1576 मध्ये पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटलं. छापखाना वाचवायला प्लांतँनं नऊ वेळा खंडणी भरली. 1574 मध्ये त्याच्याकडे 16 यंत्रं चालत होती, त्यातली मोजकीच आता हलत होती. राजाच्या खजिन्याचं दिवाळं आधीच वाजलेलं, त्यामुळे तिथून येणंही बुडालं. प्लांतँ 1589 मध्ये वारला तो बायबलाच्या नफ्यावर जगून नव्हे. घर तगलं ते स्पेनसाठी छापलेल्या प्रार्थनापुस्तकांवर.

तरीही हा घाट थांबला नाही. पॅरिसमध्ये गी मिशेल ल जे यानं 1645 मध्ये दहा खंडांचं बहुभाषी बायबल पुरं केलं आणि त्यात स्वतःची मालमत्ता घालवली. लंडनच्या ब्रायन वॉल्टननं वेगळी वाट धरली. त्यानं छपाई सुरू करण्याआधीच वर्गणीदार गोळा केले, सहा खंडांच्या संचाला दहा पौंड ठरवले आणि 1657 मध्ये नऊ भाषांचं बायबल पुरं करून दाखवलं.