जरा ‘जड’ सिनेमे बघू या!

‘‘काहीतरी छानसं सुचव ना गं बघायला. पण जड नको हं!’’ सिनेमाचं वेड असल्यामुळे मला असे फोन नेहमी येतात. आणि दरवेळी मी त्या ‘जड नको’पाशी अडते. मैत्रिणींचं म्हणणं मला कळत नाही असं नाही. दिवसभर स्वयंपाकघर, ऑफिस, मुलांचे क्लास, सासू-सासऱ्यांची औषधं. रात्री नऊला कुठे जरा पाय पसरायला मिळाले, तर तिथेही दुसऱ्याचं दुःख कशाला? करमणूक हवीच. ‘अशी ही बनवाबनवी’ कितव्यांदा का लागेना, मीसुद्धा हातातली भाजी तशीच ठेवून बघत बसते.

तरीही माझ्या यादीत वरचे सिनेमे आहेत ते हे जडच. कारण सांगते. गेली काही वर्षं आम्ही पंधरा-वीस जणी महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी एकत्र सिनेमा बघतो. काही जणी आमच्या सोसायटीतल्या, काही मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या. हलकाफुलका सिनेमा झाला की हसतो, चहा पितो आणि उठतो. पण अवघड सिनेमा झाला की कुणी उठत नाही. आधी सगळ्या गप्प बसतात आणि मग एखादी असं काही बोलते, की जे तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नसतं. घरात ज्या गोष्टींना तोंड फुटत नाही, त्या दुसऱ्याच्या निमित्तानं बोलता येतात. म्हणून मला या सिनेमांचं मोल वाटतं.

सुरुवात अगदी जुन्यापासून करू या. ‘कुंकू’, १९३७ सालचा. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि लॉ कॉलेज रस्त्यावर तिचा स्टुडिओ उभा राहिला. तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा सिनेमा व्ही. शांताराम यांनी केला. फसवून म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा म्हणून स्वीकारायलाच नकार देते. रडत नाही, पळून जात नाही, ठाम राहते. शांता आपटे यांची ती नजर विसरता येत नाही! यातली आणखी एक गंमत म्हणजे त्या नवऱ्याच्या सुशिक्षित मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलंय. या बाई प्रत्यक्षातही समाजकार्य करणाऱ्या. रँग्लर परांजप्यांची मुलगी आणि सई परांजपे यांची आई. लोक हा विषय काढायलाही लाजत, त्या काळात त्यांनी संततिनियमनाचा प्रचार केला. सिनेमात शेवटी नवऱ्याला चूक उमगते आणि तो स्वतःला संपवून नीराला मोकळं करतो. आमच्याकडे सत्तरीच्या एका आजींनी लगेच विचारलं, ‘‘म्हणजे तिला सुटायला त्याला मरावंच लागलं का गं?’’ पुढचा तासभर आम्ही त्यावरच बोलत होतो.

दुसरा ‘उंबरठा’. १९८२ सालचा. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची ‘बेघर’. वकिलाची बायको सुलभा लहान मुलीला घरी ठेवून परगावी महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. स्मिता पाटील यांनी सुलभा कुठेही गोड होऊ दिलेली नाही. संस्थेचा कारभार, कमिटीवाल्यांचे डाव, आत राहणाऱ्या बायकांचे हाल हे सगळं इतकं खरं आहे, की मला माझ्या कामातले दिवस आठवत राहतात. आमच्या गटात या सिनेमावरून कडाक्याचं भांडण झालं. एक जण म्हणाली, ‘‘काहीही म्हणा, पोटची पोर टाकून गेली ती!’’ दुसरी म्हणाली, ‘‘आणि बाप्या बदलीवर जातो तेव्हा तो पोर टाकून जातो असं कोण म्हणतं?’’ दोघी इरेला पेटल्या. तेवढ्यात वस्तीतली एक मावशी शांतपणे म्हणाली, ‘‘ताई, तिला पोर ठेवायला भरलं घर तरी होतं. आमी पोराला कडी लावून कामावर येतो.’’ एवढ्या वाक्यावर आमचं भांडण थांबलं. सिनेमा एकच होता, पण तो कुठे बसून बघितला यावर किती फरक पडतो, ते त्या दिवशी कळलं.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या सुमित्रा भावे. आपल्या पुण्याच्याच. जन्म १९४३ चा. मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक, कर्वे समाज सेवा संस्थेत त्यांनी शिकवलंही. सिनेमाचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. वस्तीतल्या बायकांच्या जगण्याचा अभ्यास करताना त्यांना प्रश्न पडला, की मी लिहिलेलं हे सगळं त्या बायका वाचणार कशा? ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यापर्यंतच ते पोचत नसेल, तर उपयोग काय? म्हणून त्या कॅमेऱ्याकडे वळल्या आणि १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुढे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर त्यांच्याबरोबर आले आणि दोघांनी मिळून एकाहून एक सिनेमे केले. घरात आपण ज्यावर पांघरूण घालतो, नेमके तेच विषय त्यांनी घेतले.

‘दोघी’ (१९९५) बघाच. लग्नाला येणाऱ्या वऱ्हाडाला अपघात होतो, नवरदेव जातो आणि पांढऱ्या पायाची म्हणून गौरीचं आयुष्य तिथेच अडतं. मामा तिला मुंबईला नेतो, देहविक्रयात ढकलतो. तिच्याच पैशांवर घर सावरतं आणि धाकट्या कृष्णाच्या लग्नात मात्र तिनं कुणासमोर यायचं नाही! रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी या बहिणी, आणि आईच्या कामात उत्तरा बावकर. त्या आईचा राग येतो आणि कीवही येते. पैसा चालतो, मुलगी चालत नाही. अशी घरं मी पाहिली आहेत.

‘देवराई’ (२००४) हा स्किझोफ्रेनियावरचा. अतुल कुलकर्णी यांचा शेष आणि त्याला सांभाळणारी बहीण, म्हणजे सोनाली कुलकर्णी. आजारी माणसाबरोबर सगळं घर कसं ओढलं जातं, बहिणीचा संसार कसा ताणला जातो, ते यात फार नेमकं आलंय. हा सिनेमा आम्ही बघितला त्या दुपारी, कधी फारशा न बोलणाऱ्या एक बाई म्हणाल्या, ‘‘माझ्या मोठ्याला हेच आहे. अकरा वर्षं झाली.’’ आम्ही सगळ्या समजत होतो, की मुलगा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतोय. त्याच तसं सांगायच्या. पुढच्या आठवड्यात आमच्यातली एक जण त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेली. मुलगा लगेच बरा झाला, असं मी म्हणणार नाही. औषधं चालू आहेत. पण आता त्या बाई दवाखान्यात एकट्या जात नाहीत.

‘अस्तु’मध्ये (२०१३) मोहन आगाशे स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे विद्वान झालेत. खरे मनोविकारतज्ज्ञ असलेले आगाशे इथे रुग्ण आहेत! गाडीत बसलेले हे शास्त्रीबुवा हत्ती पाहून खाली उतरतात आणि त्याच्या मागे चालू लागतात. मुलगी जिवाच्या आकांतानं शोधत असते, आणि तिकडे माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं जेवू घालते. तिला ना त्यांचं नाव ठाऊक, ना त्यांची विद्वत्ता. अमृता सुभाष यांना या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संवादांसाठी सुमित्राताईंना. घरात विसरभोळं म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येकीनं हा बघावा. ‘किती वेळा तेच तेच विचारता!’ असं ओरडल्यावर रात्री जी टोचणी लागते, तिच्यावर यात फुंकर आहे.

‘कासव’ तर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळालेला पाचवा मराठी सिनेमा. जगणं नकोसं झालेला एक तरुण जानकीला भेटतो आणि ती त्याला कोकणातल्या घरी नेते. नाव-गाव, आई-वडील, झालं काय, काही विचारत नाही. जेवण, अंथरूण आणि शांतता देते, बस्स. किनाऱ्यावर दत्ताभाऊ कासवांची अंडी राखत असतात, तसंच राखणं हे. काही जणींना हा संथ वाटला. पण खचलेल्या माणसाला आपण प्रश्न विचारून विचारून किती दमवतो, ते त्या संथपणातूनच कळतं. एक सांगते, घरातलं कुणी सध्याच तशा मनःस्थितीत असेल, तर त्याला हा सिनेमा एकट्याला लावून देऊ नका. आधी डॉक्टरांशी बोला. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे.

सुमित्राताई १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या. त्यांचा ‘दिठी’ त्यानंतर महिन्याभरात, मे महिन्यात सोनी लिव्हवर आला. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरचा. तरणा मुलगा पुरात गेलेला वारकरी लोहार, बाहेर मुसळधार पाऊस आणि शेजारी अडलेली गाय. किशोर कदम यांचा चेहरा बघत राहावा. करोनात ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना हा सिनेमा वेगळा सांगावा लागत नाही.

आता थोडं कसं बघायचं ते. एकटीनं, इस्त्री करता करता बघू नका. चौघी-पाच जणी जमा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. संपल्यावर लगेच ‘कसा वाटला?’ विचारू नका, पाच मिनिटं जाऊ द्या. कुणी काही खासगी बोललं, तर ते त्या खोलीबाहेर न्यायचं नाही. आमच्याकडे हा एकच कडक नियम आहे. आणि शक्य असेल तर आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंनाही बोलवा. शेजारी बसायला, चहा करायला नव्हे.

पहिल्यांदाच बघणार असाल, तर ‘अस्तु’पासून सुरू करा. ‘दोघी’ सुट्टीच्या दुपारी. आणि ‘उंबरठा’ अशा दिवशी ठेवा, की नंतर कुणालाच कुकर लावायला घरी पळायचं नाही. भांडायला वेळ लागतो!