आधी दात ठरवा, मग स्क्रू

पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवायचे ठरले, की रुग्ण आधी विचारतो तो खर्च आणि कंपनी. स्क्रू हाडात नेमका कुठे, किती खोल आणि कोणत्या कोनात बसणार, हे क्वचितच विचारले जाते. नवा दात चावताना साथ देईल का आणि हसताना खरा वाटेल का, हे मात्र बरेचसे त्यावरच ठरते.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर कॅप बसते. हाड टायटॅनियमला घट्ट धरते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या १९५०च्या दशकात लक्षात आले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. ही पकडच पुढे अडचणही ठरू शकते. वाकडा दात तारेने सरळ करता येतो, हाडात पक्का झालेला स्क्रू हलवता येत नाही.

पूर्वी जिथे हाड भरपूर, तिथे स्क्रू बसवत आणि दात नंतर जुळवत. आता दाताचा आकार व जागा आधी ठरवतात आणि त्यावरून स्क्रूची. हाड अपुरे असेल तर ते कलम करून वाढवता येते.

शेजारच्या दातापासून साधारण दीड, तर दोन इम्प्लांटमध्ये तीन मिलिमीटर अंतर लागते. ते कमी पडले तर मधले हाड झिजते, हिरडी आक्रसते आणि दातांमध्ये काळी फट दिसते. पुढच्या दातांचा स्क्रू ओठाकडे झुकला तर हिरडी वर सरकून दात लांबट दिसू शकतो. दाढेच्या स्क्रूवर चावण्याचा भार शक्यतो सरळ यावा. खालच्या दाढांखालून नस जाते. तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर अंतर ठेवतात. तिला इजा झाल्यास ओठ व हनुवटी बधिर होऊ शकते.

साध्या एक्स-रेमध्ये हाडाची जाडी कळत नाही. ती सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनमध्ये दिसते. त्यावरून तयार केलेला साचा तोंडात बसवून ठरलेल्या जागीच छिद्र पाडता येते.

म्हणून होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत: हाड पुरेसे आहे का? नस किती लांब आहे? आणि तयार दात कसा दिसेल, हे आधी दाखवाल का?