जुन्या गाडीला दुसरे इंजिन : हिशेब आधी, पाना नंतर

सांगलीच्या हळद बाजारात दोन पिढ्यांची पेढी असलेल्या एका कुटुंबाच्या दारात २०१३ साली घेतलेली एक डिझेल गाडी उभी आहे. दोन लाख साठ हजार किलोमीटर धावलेली. निजामाबादच्या बाजारात सौद्यासाठी, वसुलीसाठी, लग्नकार्यासाठी आणि घरातील वृद्धांना दवाखान्यात नेण्यासाठी याच गाडीचा आधार. गेल्या काही महिन्यांपासून ती निळसर धूर सोडू लागली, चढावर दम टाकू लागली आणि दर हजार किलोमीटरला ऑइल मागू लागली. मिस्त्रीने निदान केले, "इंजिन संपले." त्याच संध्याकाळी मुलाने भंगार बाजारातून दुसऱ्या इंजिनाचा भाव आणला. दोन दिवसांत बसवून मिळणार, किंमतही माफक. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "त्या इंजिनाचा कागद कुठे आहे?"

"अण्णा, जुन्या इंजिनाला कसला आलाय कागद?" मुलगा म्हणाला.

बिलाशिवाय एक पोतेही पेढीत न घेणाऱ्या घरात या उत्तरावर बराच वेळ चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. मोटारीचे इंजिन बदलणे हे वरकरणी गॅरेजचे काम वाटते. प्रत्यक्षात ते भांडवल, कायदा आणि विमा या तिन्ही खात्यांवर एकाच वेळी पडणारी नोंद आहे.

इंजिन खरोखर संपले आहे काय?

खर्चाचा निर्णय घेण्यापूर्वी निदान पक्के करावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळत असल्याची खूण. परंतु ऑइल जळण्याचे कारण दरवेळी पिस्टन-रिंगची झीज हेच असते असे नाही. टर्बोचे सील गळत असल्यासही धूर निळाच येतो, आणि टर्बोची दुरुस्ती संपूर्ण इंजिनाच्या कामापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. काळा धूर बहुधा इंजेक्टर किंवा हवेच्या मार्गातील दोष दाखवतो. न थांबणारा पांढरा धूर आणि त्यासोबत सतत कमी होणारे कूलंट असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

म्हणून मिस्त्रीकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन किती भरले याचे आकडे. दुसरी, गरम इंजिनावर मोजलेला ऑइलचा दाब. तिसरी, इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यास वाफ आणि दाब किती बाहेर येतो याचे निरीक्षण. एकाच सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी असेल तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटपुरता मर्यादित असू शकतो. चारही सिलिंडर सारखेच उतरले असतील आणि ऑइलचा दाबही पडला असेल, तर मात्र झीज सर्वत्र आहे असे समजावे.

तीन वाटा

इंजिन खरोखर झिजले असल्यास मालकापुढे तीन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे आपलेच इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधणे. यात सिलिंडर रिबोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालतात, क्रँक ग्राइंड करून त्या मापाचे बेअरिंग बसवतात, हेड सपाट करून व्हॉल्व्हच्या सीट घासतात. हे काम चांगल्या लेथवर आणि मापाच्या शिस्तीने झाले तरच टिकते. त्यास आठ-पंधरा दिवस लागतात.

दुसरी वाट म्हणजे गाडीच्या कंपनीकडून नवा ब्लॉक, पिस्टन आणि क्रँक एकत्र जोडलेले "हाफ इंजिन" मागवणे. खर्च जास्त, पण मापाची चिंता नाही. मॉडेल बंद झाल्यानंतर ते मिळेलच असे मात्र नाही.

तिसरी वाट म्हणजे वापरलेले इंजिन. मुंबईचे कुर्ला, दिल्लीचे मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट येथे जुन्या सुट्या भागांचे मोठे बाजार आहेत. ही वाट सर्वांत जलद आणि दिसायला सर्वांत स्वस्त. ते इंजिन किती किलोमीटर धावले आहे, हे मात्र विक्रेत्याच्या शब्दावरच मानावे लागते.

"हेच इंजिन आहे" म्हणजे नेमके काय?

सांगलीच्या त्या गाडीत १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन आहे. फियाटचे हे इंजिन भारतात इतके पसरले की मारुती, टाटा आणि फियाट या तिन्ही नावांच्या गाड्यांत ते धावले. स्विफ्टमध्ये ते २००७ साली आले. पुण्याजवळच्या रांजणगाव येथील कारखान्यातही त्याचे उत्पादन झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली, तेव्हा त्याचा काळ संपला.

त्यामुळे बाजारात "१.३ डिझेल" म्हणून मिळणारे प्रत्येक इंजिन एकच, असा समज सहज होतो. वास्तव निराळे आहे. या इंजिनाचा एक प्रकार ७५ अश्वशक्तीचा, साध्या टर्बोचा. दुसरा ९० अश्वशक्तीचा, बदलत्या भूमितीच्या टर्बोचा. निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांत इंजिनाचे माउंटिंग, वायरिंग, सेन्सर आणि संगणकीय नियंत्रक वेगळे असतात. चावी ओळखणारी चोरीरोधक यंत्रणाही नियंत्रकाशी बांधलेली असते. ब्लॉक जुळला तरी ही जोडणी जुळली नाही, तर गाडी गॅरेजमध्येच अडकून पडते. म्हणून खरेदीपूर्वी इंजिनाचा कोड, ज्या गाडीतून ते काढले तिचे मॉडेल व वर्ष, टर्बोचा प्रकार आणि उत्सर्जनाचे मानक या चार बाबी आपल्या गाडीशी ताडून पाहाव्यात. अधिक शक्तीचे किंवा वेगळ्या सीसीचे इंजिन बसवण्याचा मोह तर टाळावाच. त्याचे कारण पुढे आहे.

आरसी बुकातील एक ओळ

प्रत्येक वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर दोन क्रमांक असतात, चॅसिसचा आणि इंजिनाचा. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की क्रमांक बदलतो आणि कागद व वाहन यांच्यात तफावत निर्माण होते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ याच तफावतीशी संबंधित आहे. निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधील एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. संमतीशिवाय इंजिन बदलले गेले असल्यास मालकाने १४ दिवसांच्या आत आपल्या भागातील नोंदणी अधिकाऱ्याला कळवून, शुल्क भरून, आरसीवर नोंद करून घ्यावी असे हे कलम सांगते. सुज्ञ मालकाने त्या १४ दिवसांवर विसंबू नये. प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी विचारणा करून, संमती घेऊनच काम सुरू करावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद कलम १८२-अ मध्ये आली आहे.

वापरलेले इंजिन घ्यायचेच असेल, तर विक्रेत्याचे पक्के बिल, त्यावर इंजिनाचा क्रमांक, आणि ज्या गाडीचे ते इंजिन त्या गाडीच्या आरसीची प्रत घ्यावी. क्रमांक खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला, तर भाव कितीही गोड असला तरी तेथून उठावे. चोरीच्या गाडीचा भाग अजाणता घेतल्याने होणारा मनस्ताप कोणत्याही बचतीपेक्षा मोठा असतो.

गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्यावी. गाडी हे बँकेचे तारण आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवून पॉलिसीवर नव्या क्रमांकाची नोंद करून घ्यावी. झीज आणि यांत्रिक बिघाड यांचा खर्च नेहमीच्या मोटार विम्यात मिळत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण अपघातानंतर पाहणी अधिकारी इंजिनाचा क्रमांक तपासतो, तो जुळला नाही तर संपूर्ण दावाच वादात अडकू शकतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पेढीचा हिशेब

आता आकडे. ते उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपापले भाव घालून पाहावेत. समजा, आपले इंजिन नव्याने बांधण्यास १,२०,००० रुपये लागतात. आहे त्या स्थितीत गाडी विकल्यास १,१०,००० मिळतात. म्हणजे दुरुस्ती निवडल्यास गुंतलेली रक्कम १,२०,००० नसून २,३०,००० आहे, कारण विक्रीचे पैसेही आपण सोडून देत असतो. नेमकी हीच नोंद बहुतेक हिशेबांत राहून जाते. त्यावर दरसाल १० टक्के सरळ व्याज धरल्यास तीन वर्षांचे ६९,००० होतात. तीन वर्षांनी गाडीचे ८०,००० आले, तर एकूण खर्च २,१९,००० रुपये.

याउलट पाच लाखांची दुसरी वापरलेली गाडी घेतली, तीन वर्षांचे व्याज १,५०,००० धरले आणि शेवटी ती २,७५,००० ला विकली, तर खर्च ३,७५,००० होतो. दुरुस्तीच्या बाजूने फरक १,५६,००० रुपयांचा. पण जुन्या गाडीने दरवर्षी पन्नास हजारांची आणखी दुरुस्ती मागितली, तर हा फरक जवळजवळ संपतो. म्हणून इंजिनाबरोबरच गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि खालचा पत्रा यांची तपासणी आधीच करून घ्यावी. गंजलेल्या गाडीत नवे इंजिन म्हणजे वाळवी लागलेल्या घराला नवा दरवाजा.

काळाचीही मर्यादा आहे. खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि २०२२ पासून हे नूतनीकरण बरेच महाग झाले आहे. २०१३ च्या गाडीला हा टप्पा २०२८ मध्ये येतो.

गाडी पेढीच्या नावे असल्यास खर्चाची नोंद चालू दुरुस्ती म्हणून करावी की भांडवली म्हणून, हे आपल्या सीएला आधी विचारावे. मूळ इंजिनाची दुरुस्ती आणि संपूर्ण इंजिनाची बदली यांकडे एकाच नजरेने पाहिले जाईलच असे नाही. खासगी वापराच्या मोटारीवरील दुरुस्तीच्या जीएसटीचे क्रेडिट सर्वसामान्य व्यापाऱ्यास मिळत नाही. त्यामुळे करासह येणारी पूर्ण रक्कम हाच खर्च धरावा.

काम सोपवताना

गॅरेजकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. त्यात भागांची नावे, मजुरी, मुदत आणि हमी स्वतंत्र लिहिलेली असावी. इंजिन बाहेर काढलेलेच असते, तेव्हा क्लच प्लेट, ऑइल सील, माउंटिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रबरी पाइप आणि टायमिंग चेन यांची पाहणी त्याच वेळी करावी. पुढे यातील एका भागासाठी पुन्हा तीच मजुरी पडते. जुन्या इंजिनातील धातूचा चुरा ऑइल कूलर, इंटरकूलर आणि पाइपांत साचलेला असतो. तो साफ केला नाही तर नवे काम थोड्याच दिवसांत बिघडते. काढलेले जुने भाग परत मागावेत. पहिले हजार किलोमीटर गाडीवर फार भार टाकू नये आणि त्यानंतर ऑइल व फिल्टर लवकर बदलावेत.

सांगलीच्या कुटुंबाने अखेर भंगारातील इंजिन घेतले नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मोजले, चारही सिलिंडर उतरलेले निघाले. मिस्त्रीचे निदान खरे ठरले. खालचा पत्रा आणि गिअरबॉक्स मात्र उत्तम होते. त्यांनी आपलेच इंजिन बांधून घेण्याचे ठरवले. काम दोन दिवसांऐवजी सोळा दिवस चालले आणि त्या काळात मुलाने एसटीने निजामाबादची वाट धरली. ब्लॉक तोच राहिल्याने इंजिनाचा क्रमांक तोच राहिला. आरसी बुकातील एक अक्षरही बदलावे लागले नाही.

गाडी घरी आली त्या दिवशी मुलाने गॅरेजचे बिल, लेथचे बिल आणि कॉम्प्रेशनच्या आकड्यांचा कागद एका फाइलमध्ये लावून वडिलांपुढे ठेवला. अण्णांनी बिलांची बेरीज स्वतः पडताळून पाहिली, फाइल पेढीच्या कपाटात ठेवली, आणि मगच चावी हातात घेतली.