जुन्या लॅपटॉपसाठी कार्यप्रणालीची निवड

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरील हलक्या जमिनीत आणि घाटाखालील पूर्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत एकच वाण पेरण्याचा आग्रह जाणता शेतकरी धरीत नाही. जुन्या लॅपटॉपसाठी कार्यप्रणाली निवडतानाही हाच विवेक हितावह ठरतो.

विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवणक्षमता व टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. स्वस्तात घेतलेल्या अनेक जुन्या लॅपटॉपांत २ जीबी रॅम व ३२ जीबी साठवणच असते. असे यंत्र चालत राहते; परंतु सुरक्षा-सुधारणा बंद झाल्यावर त्यावरून बँकेचे व्यवहार किंवा महाडीबीटीवरील अर्ज करणे उत्तरोत्तर धोक्याचे होते. तथापि ते भंगारात काढण्याचे कारण नाही.

लिनक्सवर आधारलेल्या अनेक कार्यप्रणाली विनामूल्य मिळतात. निवडीपूर्वी रॅम पाहावी. २ जीबी असल्यास डेबियन, एलएक्सक्यूटी या हलक्या मांडणीसह घ्यावी. मात्र एका वेळी एखाददुसरेच संकेतस्थळ उघडावे. ४ जीबी असल्यास लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती नवशिक्यास सोयीची पडते, कारण तिची मांडणी विंडोजशी मिळतीजुळती आहे. सी-डॅक या शासकीय संस्थेने डेबियनच्या आधारे 'बॉस' ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली तयार केली आहे. यंत्र ३२-बिटचे असल्यास ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ त्यावर बसविता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील क्रम पाळावा :

१. सभासदांच्या नोंदी, हिशेब व सातबाराच्या प्रती प्रथम दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. नवी प्रणाली संपूर्ण डिस्कवर बसविताना जुना मजकूर पुसला जातो.

२. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहावी. वायफाय, प्रिंटर, मराठी टंकलेखन व बोटांचे ठसे घेणारे उपकरण यांची परीक्षा घ्यावी. यात लॅपटॉपवरील मजकुरास धक्का लागत नाही.

३. सर्व कामे नीट होत असल्यासच प्रणाली कायम बसवावी आणि तिच्या सुधारणा नियमित घ्याव्यात.

विंडोजसाठी बनविलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीचे काम त्यावरच अवलंबून असल्यास हा बदल करू नये. साध्या जमाखर्चास मात्र लिब्रेऑफिस पुरेसे आहे. एका वाफ्यात वाण पारखून मगच शेत पेरावे, तशी ही परीक्षा केल्यास नवीन यंत्राचा खर्च वाचतो आणि नोंदीही सुरक्षित राहतात.