ग्रामीण घरातील निवासाची सोय : पाबळ परिसराच्या निमित्ताने

शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटर अंतरावर, शिक्रापूर-राजगुरुनगर मार्गावर वसलेले आहे. येथे बाहेरचा माणूस येण्याची कारणे जुनी आहेत. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी मस्तानीस जी गावे दिली त्यांत पाबळ होते. १७४० मध्ये तिचे निधन झाले आणि तिची समाधी पाहण्यास आजही लोक येथे येतात. गावात जैनांचे तीर्थ आहे. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांनी अवर्षणग्रस्त भागातील एक सर्वसाधारण खेडे म्हणून पाबळची निवड केली व विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेव्हापासून शिक्षक, विद्यार्थी व तंत्रज्ञ यांची ये-जा सुरू आहे. या शतकाच्या प्रारंभी तेथे 'फॅब लॅब' ही आधुनिक कार्यशाळा उभी राहिली आणि परदेशी अभ्यासकांनाही पाबळचे नाव ठाऊक झाले.

इतकी माणसे येतात. त्यांपैकी मुक्कामास किती राहतात? आश्रमाची व तीर्थाची आपापली व्यवस्था आहे, ती वगळली तर बहुतेक पाहुणे सायंकाळी पुण्याचा रस्ता धरतात. दुसरीकडे, मुले शहरात नोकरीस गेल्यामुळे अनेक घरांतील एक-दोन खोल्या रिकाम्या असतात. या दोन गोष्टींची सांगड घालून कुटुंबाला जोडउत्पन्न मिळवता येईल काय, हा प्रश्न अनेक गावांतून विचारला जात आहे. पंचायत सदस्यांकडे व शिक्षकांकडे लोक याविषयी सल्ला मागतात, म्हणून त्याचा थोडा तपशिलाने विचार करणे उचित होईल.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने 'न्याहारी निवास' योजना राबविली. दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर, तारकर्ली अशा किनाऱ्यावरील गावांत घरगुती निवासाची पद्धत रुळली ती अशाच प्रयत्नांतून. देशावर हाच विचार कृषी पर्यटनाच्या रूपाने आला. बारामती परिसरात २००५ च्या सुमारास त्याचे संघटित प्रयोग सुरू झाले आणि २०२० मध्ये राज्य शासनाने स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. या धोरणाखाली शेतकऱ्याला आपल्या केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. २०२३ च्या 'आई' धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद आहे. पाबळच्या शेजारचे मोराची चिंचोली हे तर या भागातील परिचित उदाहरण होय. चिंचेची झाडे व मोर पाहण्यासाठी पुणेकर तेथे जातात, हुरडा-पिठल्याचे जेवण घेतात, आणि पुष्कळसे त्याच दिवशी परततात.

ही शेवटची बाब महत्त्वाची आहे. दिवसाची सहल आणि रात्रीचा मुक्काम हे दोन निराळे व्यवसाय आहेत. पहिल्यात जेवणावळीचे उत्पन्न मिळते. दुसऱ्यात खोली, अंथरूण-पांघरूण, स्नानगृह व घरच्या माणसांची उपस्थिती यांचे मोल मिळते. एकात यश आले म्हणून दुसऱ्यात येईलच असे नव्हे.

कर्जापूर्वी हिशेब

सर्वसाधारणपणे होणारी चूक अशी की प्रारंभच बांधकामाने होतो. एक उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याने सहा लाख रुपये कर्ज काढून दोन नव्या खोल्या बांधल्या. द.सा.द.शे. ११ व्याजाने सात वर्षांची मुदत धरल्यास मासिक हप्ता सुमारे १०,२७० रुपये, म्हणजे वर्षाकाठी सुमारे १,२३,००० रुपये होतो. खेड्यातील पाहुणा मुख्यतः शनिवारी-रविवारी येतो. वर्षातील अशा १०४ रात्रींपैकी निम्म्या, म्हणजे ५२ रात्री दोन्ही खोल्या भरल्या आणि प्रत्येकीचे भाडे १,००० रुपये धरले, तर हाती येतात १,०४,००० रुपये. यातून वीज, धुलाई, साबण व डागडुजी यांचा खर्च वजा व्हावयाचा आहे आणि घरातील स्त्रियांच्या श्रमाचा तर विचारच केलेला नाही. म्हणजे खोल्या निम्म्या भरूनही शेतीच्या उत्पन्नातूनच हप्ता भरावा लागणार.

याउलट, असलेल्या दोन खोल्यांना रंग, जाळीच्या खिडक्या, चांगल्या गाद्या आणि स्वच्छ शौचालय यांसाठी साठ-सत्तर हजार रुपये खर्च केले, तर त्याच्या निम्म्या प्रतिसादातही ही रक्कम दोन वर्षांत सुटू शकते. पहिले वर्ष खोल्या किती रात्री भरतात एवढेच पाहावे, आणि नवे बांधकाम त्यानंतर. केंद्र शासनाच्या घरगुती निवास योजनेतही मालकाने त्याच वास्तूत राहणे ही मुख्य अट आहे व खोल्यांची मर्यादा सहापर्यंत आहे. मोठे विश्रामगृह चालविणे हा त्या योजनेचा उद्देशच नव्हे.

पाण्याचा प्रश्न या पट्ट्यात सर्वांत कठीण आहे. घोड व भीमा यांच्या काठच्या बागायती गावांसारखी पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई यांची स्थिती नाही. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरलेले आहे. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना हाच आकडा १३५ लिटर असतो आणि पाहुण्याची सवय शहराची असते. चार पाहुणे राहिले तर जवळजवळ दहा ग्रामस्थांच्या वाट्याचे पाणी लागेल. एप्रिल-मे महिन्यांत शाळांना सुट्टी असते, पाहुणे येण्यास तयार असतात, आणि नेमके तेव्हाच विहिरी आटलेल्या असतात. छतावरील पावसाचे पाणी साठविणे, स्नानाचे पाणी परसातील झाडांना देणे, हे उपाय आहेतच. तरीही टंचाईच्या दिवसांत खोल्या बंद ठेवण्याची तयारी असावी. शेजाऱ्याच्या हंड्याला पाणी नाही आणि पाहुण्याच्या फवाऱ्याला आहे, असे चित्र गावात फार काळ खपत नाही.

कागदपत्रे

घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा मालकाच्या नावे आहे काय, हे प्रथम पाहावे. भावाभावांच्या सामाईक घरात सर्वांची लेखी संमती घ्यावी. पाहुणे येऊ लागल्यावर ही आठवण होणे त्रासाचे ठरते. २०२० पासून देशभर चाललेल्या 'स्वामित्व' योजनेतून गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत व बँकेकडे जाताना त्या उपयोगी पडतात. नव्या बांधकामास ग्रामपंचायत अधिनियमाखाली परवानगी लागते. मात्र आपले गाव कोणत्या नियोजन प्राधिकरणाच्या क्षेत्रात मोडते, याची चौकशी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आधी करावी.

प्रत्येक पाहुण्याचे नाव, पत्ता, ओळखपत्राचा तपशील, येण्या-जाण्याची वेळ यांची नोंदवही ठेवावी व पोलीस ठाण्यास या व्यवसायाची कल्पना द्यावी. परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठविण्याची जबाबदारी घरमालकाची असते. हा नियम १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यापासून चालत आलेला असून २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो राखला आहे. पाबळसारख्या गावी परदेशी अभ्यासक येत असल्यामुळे हे विसरून चालणार नाही. पैसे घेऊन जेवण देणाऱ्याने अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः लागत नाही.

येथे आणखी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दोन रात्रींसाठी आलेला पाहुणा आणि अकरा महिन्यांसाठी खोली घेणारा शिक्षक, परिचारिका किंवा रांजणगाव औद्योगिक वसाहतीतील कामगार यांचे कायदेशीर नाते वेगळे असते. दुसऱ्या प्रकारात लेखी व नोंदणीकृत भाडेकरारच करावा. ओळखीच्या माणसाशी कागद कशाला, हा संकोच पुढे महाग पडतो. तसे पाहता अनेक घरांना हाच दुसरा मार्ग अधिक सोयीचा आहे. उत्पन्न कमी, पण दरमहा निश्चित, आणि रोज चादरी बदलाव्या लागत नाहीत!

पाहुणा कोठून येतो

जाहिरातीपूर्वी गावात आधीच कोण येते याची यादी करावी. प्रशिक्षणार्थींचे पालक, कार्यशाळेस आलेले शिक्षक, समाधी व तीर्थ पाहणारे प्रवासी, रांजणगावचा महागणपती करून पुढे जाणारे अष्टविनायकाचे यात्रेकरू, लग्नसराईतील वऱ्हाड. आणि विशेषतः मुंबई-पुण्यास स्थायिक झालेले गावकरी, ज्यांचे गावातील घर पडले आहे पण यात्रेला येण्याची ओढ कायम आहे. यांच्यापैकी प्रत्येकाला गावातील कोणा ना कोणा व्यक्तीची ओळख असते. ती व्यक्ती, मग ती मुख्याध्यापक असो, एस. टी. थांब्यावरचा दुकानदार असो वा पुजारी, हाच पहिला दुवा. तिला खोली प्रत्यक्ष दाखवावी व दर सांगून ठेवावेत.

दुसरे साधन म्हणजे चौकशीची वही. दूरध्वनी आला की नाव, कोणाकडून कळले, किती माणसे, कोणत्या तारखा, आले की नाही आणि न आल्यास का, एवढे लिहावे. सहा महिन्यांनी ती वाचली की आपले पाहुणे कोणत्या दाराने येतात ते कळते. भ्रमणध्वनीवरील आरक्षण संस्थांचाही उपयोग होतो. मात्र त्यांची दलाली दरात धरावी. गावातील चार-पाच घरांनी एकच दर ठेवून जादा पाहुणा एकमेकांकडे पाठविल्यास दहा जणांचा गट आला तरी तो परत जात नाही.

या चौकशांतूनच एक वेगळी चौकशी उगवते. खोली पाहण्यास आलेला गृहस्थ दुसऱ्या भेटीत चार गुंठे जमीन मिळेल काय, असे विचारतो आणि गावातील एखादा तरुण मध्यस्थीच्या पैशाकडे ओढला जातो. शेतजमीन बिगरशेतकऱ्यास विकण्यावर १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याने निर्बंध आहेत व त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. तुकडेबंदीच्या तरतुदी निराळ्याच. ५०० चौरस मीटरहून अधिक जागेवर भूखंड पाडून विकावयाचे असल्यास प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते आणि अशा प्रकल्पातील भूखंड विकून देणाऱ्या मध्यस्थालाही नोंदणी घ्यावी लागते. केवळ साध्या कागदावर इसार घेऊन व्यवहार करणाऱ्यांची उदाहरणे महसूल कार्यालयांना अपरिचित नाहीत. रस्त्याकडेची जमीन एकदा गेली की त्या कुटुंबाकडे पाहुण्याला दाखविण्यास शेत उरत नाही, आणि पाहुणा येत असतो तो पुष्कळदा तेवढ्यासाठीच. ग्रामसभेत या विषयावर बोलताना तलाठी व मंडळ अधिकारी यांनाही बोलवावे; खोल्यांच्या दरापेक्षा लोक अधिक प्रश्न जमिनीविषयीच विचारतील.