उणे १९६ अंशांची पूर्वतयारी

मराठवाड्यातल्या मुखेड तालुक्यात उणे १९६ अंशांची थंडी नेहमी हाताळली जाते. जनावरांच्या दवाखान्यातल्या ॲल्युमिनियमच्या जारमध्ये द्रवरूप नायट्रोजन असतो आणि त्यात रेतमात्रांच्या बारीक कांड्या बुडवलेल्या असतात. कंधार-मुखेडच्या लाल कंधारी जातीच्या उत्तम वळूंचं वाण या थंडीच्या भरवशावर गावोगाव पोचतं. हाच नायट्रोजन काही माणसं थर्मासमधून कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर ओततात, हे कळल्यापासून मला त्या कामाचं विलक्षण कुतूहल होतं. संपादक म्हणाले, सविस्तर लिहा. मग वाचत आणि बघत गेलो तसं लक्षात आलं, की ओतणं हा अगदी शेवटचा भाग आहे. खरी कारागिरी त्याआधीच्या तयारीत असते, आणि त्या तयारीचा मुख्य शत्रू पाणी आहे, हवेतलं, गार वस्तूवर दव होऊन बसणारं.

प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. एका सेकंदात अब्जावधी ठोके. कंपनी त्याचा वेग ठरवून देते. त्यापुढे तो पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, व्होल्टेज वाढलं की उष्णता वाढते, आणि एका मर्यादेनंतर पंखा काय किंवा पाण्याचा कूलर काय, हात टेकतो. तिथून पुढे थंडीचा आधार. गार सिलिकॉनमधून विद्युतकण अधिक सहज धावतात, तांब्याच्या सूक्ष्म तारांचा विरोध घटतो, वाया जाणारी गळती कमी होते. त्यामुळे एरवी चिप जाळून टाकील एवढं व्होल्टेज ती काही काळ सोसते.

ही कल्पना हौशी पोरांची नव्हे. अमेरिकेतल्या ईटीए सिस्टिम्स या कंपनीचा ईटीए-१० हा सुपरकॉम्प्युटर १९८७ च्या सुमारास आला, तेव्हा त्याच्या मोठ्या मॉडेलांतले प्रोसेसर द्रवरूप नायट्रोजनातच बुडवलेले होते आणि त्यामुळे त्यांचा वेग जवळपास दुप्पट होत होता. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा सुपरकॉम्प्युटर उभा केला तो दुसऱ्या वाटेने, अनेक प्रोसेसर एकत्र राबवून. पुढे सगळं जग त्याच वाटेने गेलं. एकाच प्रोसेसरला गोठवून पळवण्याचं काम उरलं ते विक्रमवीरांकडे. डिसेंबर २०२२ मध्ये ‘एल्मोर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वीडिश ओव्हरक्लॉकरने इंटेलचा आय-९ १३९००के हा प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पार नेला. त्यासाठी नायट्रोजनही कमी पडला. द्रवरूप हेलियम वापरावा लागला, उणे २६९ अंशांचा.

आता तयारी. कॉम्प्युटरचा डबा इथे कामाचा नाही. मदरबोर्ड उघड्या फळीवर मांडतात आणि सगळ्यात आधी साध्या कूलरवर चालवून बघतात. मेमरी ठीक आहे ना, विंडोज उघडतं ना, तापमान बरोबर दाखवतं ना, याची खात्री इथेच करायची. कारण एकदा बोर्ड झाकला की दोष कुठला आणि दवाचा थेंब कुठला, हे कळत नाही. मग प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीची प्लॅस्टिकची आवरणं आणि अडथळा करणारे उष्णताशोषक काढतात.

त्यानंतर येतं व्हॅसलिन. हो, तेच, हिवाळ्यात ओठांना लावतो ते. ते वीजवाहक नाही, आणि जिथे ते बसलं तिथे हवा नाही; हवा नाही म्हणजे बाष्प नाही. कुणी बोर्डावर पारदर्शक वॉर्निश मारतं, कुणी सुकल्यावर रबरासारखा होणारा लेप देतं. पण जुने जाणते ब्रश घेऊन सॉकेटच्या कडेने, मेमरीच्या खाचांभोवती, कपॅसिटरच्या फटीफटीत व्हॅसलिन भरत बसतात. मागची बाजूही सोडत नाहीत, कारण थंडी बोर्डाच्या आरपार उतरते आणि दव मागेही धरतं. त्यावर काळा रबरी फोम. एसीच्या तांब्याच्या नळीवर आपले मेकॅनिक चढवतात तोच. तो नायट्रोजन ओतायच्या पात्राच्या मापाने असा कापायचा की कुठे पोकळी राहणार नाही. पोकळी राहिली की तिथे हवा, आणि हवेत पाणी. वरून शोषक कागदाची गुंडाळी, आणि बाजूने एक पंखा, ओली हवा तिथे रेंगाळू नये म्हणून. हे काम निगुतीने करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. विक्रमाच्या छायाचित्रात यातलं काहीच दिसत नाही.

मराठवाड्याची हवा इथे थोडी मदत करते. मे महिन्यात दुपारी ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर दव धरायला वस्तू साधारण १३ अंशांखाली जावी लागते. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना २६ अंशांनाच थेंब येतात. पण पात्र उणे शंभराच्या खाली गेलं की मे काय आणि जुलै काय, बर्फ जमणारच. मे महिन्यात तो कमी जमेल, इतकंच.

ते पात्र म्हणजे प्रोसेसरवर घट्ट आवळलेला तांब्याचा उभा प्याला. तळ जाड, आत भोकं किंवा खुंट्या, नायट्रोजनला स्पर्श करायला जास्तीत जास्त तांबं मिळावं म्हणून. त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली पेस्टही खास लागते. साधी पेस्ट त्या थंडीत तडकते आणि स्पर्श सुटतो. तळातल्या छिद्रात तापमापकाची तार बसवतात. पुढचे काही तास एक माणूस त्या आकड्यावरून नजर हलवत नाही. तापमान चढलं की थोडं ओतायचं, फार उतरलं की थांबायचं.

नायट्रोजन लागतो किती? एक लिटर उकळून जाताना सुमारे १६० किलोज्यूल उष्णता नेतो. प्रोसेसर ४०० वॉट ओढत असेल तर एक लिटर जेमतेम ४०० सेकंद पुरतो. दोन किलो तांबं खोलीच्या तापमानावरून खाली आणायलाच लिटरभर जातो, तो वेगळा. आपल्या दवाखान्यातला तीन लिटरचा छोटा जार, जो झाकण नीट बसवलं तर दोन-तीन आठवडे कांड्या सांभाळतो, तो या प्रोसेसरपुढे वीस मिनिटांत कोरडा पडेल.

अडचणी इथून पुढे सुरू होतात. प्रत्येक प्रोसेसरची थंडी सोसायची हद्द निराळी. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या दोन चिपांपैकी एक उणे १९० ला चालेल आणि दुसरी उणे ११० लाच मान टाकेल. याला ‘कोल्ड बग’ म्हणतात, आणि बाहेरून बघून तो ओळखता येत नाही. त्याहून छळणारा प्रकार म्हणजे ‘कोल्ड बूट बग’. चालू असलेली चिप खोल थंडीत चालत राहते, पण एकदा बंद पडली की त्या थंडीत पुन्हा सुरूच होत नाही. मग पात्र गॅसच्या ज्योतीने तापवून वर आणायचं, सुरू करायचं, पुन्हा नायट्रोजन ओतत खाली न्यायचं. आता हा खेळ आपल्याकडे कल्पून बघा. लाईट एक सेकंद गेली की पात्र गार करायला ओतलेला नायट्रोजन वाया. दमदार यूपीएसशिवाय इथे हात घालण्यात अर्थ नाही.

काम संपल्यावरही सुटका नाही. बर्फ वितळतो आणि इतका वेळ गोठून निरुपद्रवी असलेलं पाणी वाहू लागतं. घाईने पुन्हा बटण दाबलं तर बोर्ड याच वेळी मरू शकतो. वीज तोडून, सगळा फोम काढून, ऊबदार हवेत पूर्ण वाळू द्यावं लागतं.

पण मला खरी काळजी माणसाची वाटते. एक लिटर नायट्रोजनाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच बंद खोलीत दहा लिटर उडून गेला तर तो खोलीच्या जवळपास पाव भाग जागेएवढा होतो आणि तेवढी हवा, तिच्यातल्या प्राणवायूसकट, बाहेर ढकलली जाते. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. जीव गुदमरतो ही भावना शरीराला कर्बवायू साचल्याने होते. इथे तो साचत नाही, म्हणून माणूस काही न कळता कोसळतो. वाचवायला आत गेलेला दुसराही कोसळतो. जार गाडीच्या बंद काचांआड नेणंही तितकंच धोक्याचं. घट्ट झाकणाच्या बाटलीत नायट्रोजन भरला तर ती फुटते. लोकरीचा किंवा सुती हातमोजा द्रव शोषून कातडीला चिकटवून धरतो. त्यापेक्षा सैल, झटकन निघणारा चामडी मोजा बरा. डोळ्यांना चष्मा हवाच.

मुखेडच्या, उदगीरच्या, देगलूरच्या ज्या पोरांना हे वाचून हात शिवशिवतील, त्यांना एवढंच सांगणं आहे. दवाखान्यातला जार मागू नका; त्यात कुणाच्या तरी गोठ्यातली पुढची पिढी आहे. भंगारातला एखादा जुना बोर्ड घ्या, साध्या पंख्यावर त्याचा वेग वाढवायला शिका, व्हॅसलिन आणि फोम लावून तो फ्रीजरमधल्या बर्फावर कोरडा ठेवता येतो का ते बघा. ते जमलं, तरच परवानाधारक पुरवठादाराकडून नायट्रोजन आणा. आणि तो ओताल तेव्हा उघड्या अंगणात ओता, एकट्याने कधीच नाही.